एक वाजून वीस मिनिटांची फुंकर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिने स्वतःचं झाकून ठेवलं. या प्रकरणात मी एकूण अकरा पत्रं लिहिली, अकराही तावातावाने लिहिली आणि अकराही चुकीच्या माणसाला लिहिली.

माझं काम सांगायला सोपं आहे. आमच्या संस्थेच्या अँटेना दूर माळावर आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. त्या जे ऐकतात ते आकड्यांच्या रूपाने आमच्या मशीनच्या खोलीत येऊन साठतं. तिथून ते फायबरच्या लाइनवरून समुद्रापल्याडच्या एका गणनकेंद्रात पोचवायचं, एवढंच मी करते. सासूबाई शेजारणींना सांगतात, “आमची सून तारे पाठवते.” मी त्यांना दुरुस्त करत नाही. इतकं छान माझ्याबद्दल ऑफिसात कोणी बोलत नाही.

आमच्याकडे एक शास्त्रज्ञ आहे, त्याला सगळे धूमकेतू म्हणतात. सहा-सहा महिने तो कोणाला दिसत नाही आणि दिसला की कोणाची तरी कंबख्ती भरते. त्या सोमवारी तो थेट माझ्या टेबलासमोर उगवला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वरच्या काजात.

“मॅडम, नव्वद टेराबाइट आहेत,” तो म्हणाला. “शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पलीकडे हवेत.”

आठ वर्षं हा माणूस एका ताऱ्याच्या मागे लागला होता. तारा विझायला आला होता, आणि विझताना त्याने केलेली सगळी कुरकुर याने सलग अकरा दिवस ऐकून ठेवली होती. आता ती कुरकुर समजून घ्यायला लागणारं अवाढव्य मशीन पलीकडच्या केंद्रात. तिथे त्याची पाळी शुक्रवारी बाराला. माल तिथे हजर नसेल तर पाळी पुढच्याला. पुन्हा नंबर लागायला दीड वर्ष, आणि धूमकेतूची नेमणूक तर चार महिन्यांत संपत होती.

“एवढंच ना? सव्वीस तासांचंही काम नाही,” मी म्हणाले. “उद्या दुपारी जेवून हात पुसाल तोवर पोचलेलं असेल.”

हे मी कशाच्या जोरावर बोलले? भिंतीवरच्या तक्त्याच्या. दर सकाळी आम्ही लाइनची चाचणी घेतो आणि आकडा साहेबांच्या खोलीबाहेर लावतो. आकडा रोज उत्तम, रोज हिरव्या रंगात. फक्त ती चाचणी आम्ही रस्त्यापलीकडच्या आमच्याच दुसऱ्या इमारतीशी घ्यायचो. का, तर तिथला आकडा छान यायचा. साहेब खूश, मी खूश, तक्ता हिरवा.

सोमवारी दुपारी मी पाठवायला सुरुवात केली. मंगळवारी दुपारी धूमकेतू खरोखरच जेवून, हात पुसत आला. नव्वदांपैकी सव्वातीन टेराबाइट पोचले होते.

“याच चालीने जायचं तर?” त्याने विचारलं.

“महिना लागेल,” मी म्हणाले. खोटं बोलायला सुचलंच नाही. तो माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसला आणि शुक्रवारपर्यंत तिथून जवळजवळ उठलाच नाही. मी काम करत होते आणि समोर हा एखाद्या आजाऱ्याच्या नातेवाइकासारखा बसून होता.

आता माझ्या पत्रांबद्दल. गणनकेंद्रातल्या माझ्यासारख्याच माणसाला मी पलीकडचा म्हणते. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. तीन महिन्यांपासून तो अतिशय नम्रपणे लिहीत होता की तुमच्याकडून येणारा डेटा फार हळू येतो, जरा पाहाल का. मी अतिशय उर्मटपणे कळवत होते की आमची लाइन ठणठणीत आहे, सोबत हिरवा तक्ता जोडला आहे, आपण आपलं घर बघा. मंगळवारी दहावं पत्र गेलं, बुधवारी अकरावं. त्यात मी ‘बेजबाबदार’ असा शब्द वापरला आणि पाठवून झाल्यावर दोनदा वाचला, इतका तो मला आवडला.

बुधवारी साहेब स्वतः येऊन गेले. “काय झालंय?” त्यांनी विचारलं. “पलीकडचे नीट काम करत नाहीत,” मी म्हणाले. साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, धूमकेतूच्या बटणाकडे पाहिलं आणि ते निघून गेले. त्यानंतर मी आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याशी भांडले. त्याला आम्ही कडीकुलूप म्हणतो. मशीनच्या खोलीच्या दाराशी त्याचं टेबल आहे. साहेबांचीसुद्धा बॅग उघडून बघणारा माणूस. “तुमच्या तपासण्यांनीच माझा वेग खाल्लाय,” मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, “माझ्या दारातून परवानगीशिवाय मुंगी जात नाही.” मी म्हणाले, “तेच तर म्हणतेय मी!”

गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता पलीकडच्याचं उत्तर आलं. माझ्या ‘बेजबाबदार’वर एक अक्षर नाही. फक्त एक ओळ: आपल्याच यंत्रावर चुकलेल्या तुकड्यांचा एक आकडा असतो, तो एकदा पाहाल का?

मला भयंकर राग आला. हा मला शिकवणार! तो आकडा मी पाहिला तो केवळ त्याच्या तोंडावर फेकायला म्हणून. आणि बघते तर काय, तो वाढत होता. माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणजे काय ते सांगते. डेटा एकसंध जात नाही, तुकड्या-तुकड्यांनी जातो. पाठवणारं यंत्र स्वभावाने भित्रं. एक तुकडा हरवला की ते घाबरून वेग निम्मा करतं आणि मग पलीकडून ‘पोचलं, पोचलं’ असं ऐकत ऐकत पुन्हा हळूहळू धीर धरतं. रस्त्यापलीकडच्या इमारतीतून ‘पोचलं’ लगेच ऐकू येतं, त्यामुळे धीरही लगेच येतो आणि तक्ता हिरवा राहतो. समुद्रापल्याडून ते यायला वेळ लागतो, आणि धीर येतो न येतो तोच पुढचा तुकडा हरवतो. हजारात एक तुकडा गेला तरी लाइनचं पार वाटोळं होतं. आमचे हजारात एक जात होते. तीन महिन्यांपासून. माझ्याच खोलीतून.

मी तीन महिन्यांचा आलेख काढला. बिघाड एकदम झाला नव्हता. तो पायरी-पायरीने वाढला होता, रोज एक पायरी, रोज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. त्याच वेळी आमच्या दोन लाइनींपैकी उजवी तीन सेकंद बंद पडायची आणि पुन्हा सुरू व्हायची. तेवढा वेळ डावी सगळं सांभाळून घ्यायची, म्हणून कोणाला पत्ता नाही. रविवारी पायरी नव्हती.

“रविवारी सुट्टी घेणारा बिघाड?” धूमकेतू माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाला. “मॅडम, हा माणूस आहे.”

एक वीसला त्या खोलीत कोण असतं? मी नसते, मी जेवत असते. दाराशी एकच जण असतो. मी ताडताड कडीकुलूपकडे गेले आणि आलेख त्याच्या टेबलावर आपटला. त्याचा चेहरा लाल झाला. “माझ्यावर संशय?” तो उठून उभा राहिला. “चला. आत लपून बसू. चोर पकडून तुमच्या हातात देतो, मग माफी मागा.”

शहाण्या बाईने त्याच क्षणी उजव्या लाइनीचं टोक काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं असतं. मला ते कळत होतं. पण चोराला रंगेहाथ पकडून काय काय बोलायचं हे माझ्या डोक्यात तयार झालं होतं, आणि ते वाया जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. त्या वीस मिनिटांचा हिशेब मला शुक्रवारी द्यावा लागणार होता.

मधे एक रोजचा कार्यक्रम होता, तो काही चुकवता येण्यासारखा नव्हता. एक वाजून पंधरा मिनिटांनी माझे सासरे डबा घेऊन येतात.

बाबा आमच्याच संस्थेत बत्तीस वर्षं तारांच्या खोलीचे मुख्य होते. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, आणि दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी माझा डबा सुरू केला. “तुझ्या जेवणाची मला काळजी नव्हती गं,” त्या मला नंतर म्हणाल्या. “दुपारी हे दोन तास घराबाहेर गेले पाहिजेत एवढंच होतं.” माझा नवरा या गोष्टीत फारसा नाही. तो घरी असतो तेव्हाही फारसा नसतो.

तर बाबा आले, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, गालात पेपरमिंटची गोळी. ती गोळी कायमची. सिगारेट सोडली तेव्हा धरली, ती आजतागायत.

“काय सूनबाई, चेहरा का असा?” त्यांनी विचारलं.

“काही नाही बाबा. हात धुऊन येते,” मी म्हणाले. डबा टेबलावर ठेवला, वळसा घालून मागच्या दाराने मशीनच्या खोलीत शिरले आणि कपाटामागे दडले. तिथे कडीकुलूप आधीच श्वास रोखून उभा होता. आपली जागा त्याने शिपायाकडे सोपवली होती.

एक वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. शिपायाचा अदबीचा आवाज आला, “या साहेब, या.” आणि आत आले ते माझे सासरे.

मी कडीकुलूपकडे पाहिलं. तो छताकडे पाहायला लागला. ज्याच्या दारातून मुंगी जात नाही तो माणूस तीन महिने रोज बाबांसाठी स्वतः दार उघडत होता, आणि यात परवानगीचा काही प्रश्न येतो हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. बाबांना कोण अडवणार? ती खोली बाबांनीच तर उभी केली होती.

बाबा सराईतपणे उजव्या लाइनीपाशी गेले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. टोक खटकन उपसलं, तोंडासमोर धरलं आणि चष्म्याच्या काचेवर मारतात तशी दमदार फुंकर मारली. मग ते शर्टाच्या टोकाला पुसलं, पुन्हा खोचलं, आणि यंत्राच्या पाठीवर थोपटून म्हणाले, “हं. आता पोरीला सुखाने जेवू दे.”

माझ्या डोक्यातली सगळी वाक्यं तिथल्या तिथे जिरली. कडीकुलूप शिंकला.

दुसरा कोणी असता तर दचकला असता. बाबा वळले आणि आम्हाला पाहून त्यांना चक्क आनंद झाला. “अरे! सापडलो वाटतं,” ते हसत म्हणाले. “मी सांगणारच नव्हतो. तूच म्हणाली होतीस ना घरी, की जेवायला बसलं की ते यंत्र केकाटतं म्हणून? बघितलं येऊन. या उजव्याचा दिवा सारखा लुकलुकत होता. आमच्या वेळी लुकलुकणारा दिवा म्हणजे दुखणं. फुंकर मारायची, पुसायचं, परत लावायचं. पहिले चार दिवस गुण आला नाही, पण पाचव्या दिवसापासून आवाज बंद! तूच म्हणालीस, आता सुखाने जेवते.”

मी म्हणाले होते. दोन्ही वेळा मीच म्हणाले होते. तीन महिन्यांपूर्वी एक-दोनदा ते लाइनवर लक्ष ठेवणारं यंत्र सहज वाजलं होतं आणि मी घरी कुरकुर केली होती. मग बाबांनी उपचार सुरू केले. त्यांनी टोक उपसलं की लाइन तुटायची, लाइन तुटली की यंत्र वाजायचं, आणि तेही नेमकं माझ्या जेवणाच्या वेळी. पाचव्या दिवशी वैतागून मी यंत्राला सांगून ठेवलं की पाच सेकंदांच्या आतलं काही असेल तर मला सांगू नकोस. ते बिचारं गप्प बसलं. बाबांना वाटलं, औषध लागू पडलं. आणि तो दिवा लुकलुकत होता तो त्याच लाइनीवरून सगळा माल जात होता म्हणून.

मी टोक पुन्हा काढलं, सूक्ष्मदर्शकाला लावलं आणि चित्र मोठ्या पडद्यावर टाकलं. तेवढ्यात साहेब आणि धूमकेतूही आत आले. केसाएवढ्या काचेचं टोक पडद्यावर पोळपाटाएवढं दिसत होतं. त्यावर थरावर थर, वाळलेले थेंब, सुताचे धागे, आणि सगळीकडे चमचमणारी बारीक खडी.

“शी!” बाबा म्हणाले. ते पडद्याच्या जवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं, आणि त्यांच्यातला बत्तीस वर्षांचा मुख्य जागा झाला. “हे कोणी केलं? कुठल्या गाढवाचं काम आहे हे? साहेब, मी सांगतो, असल्या माणसाला पहिला बाहेर काढा. काचेच्या टोकावर हा काय थुंकलाय? आणि ही खडी कसली...”

ते थांबले. बोलता बोलता गालातली गोळी दातावर वाजली, आणि ती आम्ही सगळ्यांनी ऐकली.

बाबांनी हळूच रुमाल काढला, गोळी त्यात घेतली, रुमालाची घडी घातली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, “ते गाढव मी.”

“आणि यंत्राचं तोंड मी बंद केलं होतं,” मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही आवरायला राग लागतो, आणि नेमका तोच संपला होता.

मी टोक साफ केलं, नीट, त्यासाठी असते त्या कोरड्या फितीने. पडद्यावर काच आरशासारखी लख्ख दिसली. टोक लावलं. वेगाचा आकडा दोन सेकंद घुटमळला आणि मग असा उसळला की धूमकेतूने कडीकुलूपचा हात धरला. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. ऐंशी टेराबाइट उरले होते, म्हणजे बावीस तास आणि वर पंधरा मिनिटं. उद्या अकरा पन्नास. दहा मिनिटं हातात, आणि चोराची वाट पाहण्यात घालवलेली वीस मिनिटं डोळ्यांपुढे.

रात्र कशी गेली विचाराल तर माझी झोपेत गेली. यंत्र भित्रं असलं तरी कामसू आहे, त्याच्या उशाशी बसून काही होत नाही. घरी मात्र बाबांचं काही खरं नव्हतं. सासूबाईंनी चहा कपात ओतून त्यावर फुंकर मारली तर बाबा एकदम ओरडले, “फुंकू नकोस!” आणि उठून आत गेले.

शुक्रवारी दहा वाजता मी मशीनच्या खोलीकडे गेले तर दाराबाहेर खुर्ची टाकून बाबा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, तोंडाला मास्क. शेजारी आपल्या टेबलाशी कडीकुलूप, ताठ. साहेब समोरच उभे होते.

“मला फक्त बघायचंय,” साहेब म्हणत होते.

“बाहेरून बघा,” बाबा मास्कमधून म्हणाले. “बारापर्यंत आत कोणी जायचं नाही. मीसुद्धा नाही.”

अकरा पंचेचाळीसला दोन टक्केही उरले नव्हते. धूमकेतू स्टुलावर डोळे मिटून बसला होता. अकरा पन्नासला अजून थोडं बाकी होतं. अकरा बावन्नला अजून अगदी थोडं. आठ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाशेजारी बसून ती दोन मिनिटं काढणं मला झेपलं नाही. मी त्याच्या शर्टाचं बटण काढून बरोबर काजात लावलं. त्यालाही कळलं नाही, मलाही नाही.

अकरा चोपन्नला आकडा शंभरवर आला. दोन मिनिटांनी पलीकडच्याचा निरोप: सगळं पोचलं, तपासलं, जुळलं, पाळी सुरू करतो. आणि खाली: आपल्याकडे काय बदललं, हे कळेल का?

धूमकेतू उठला आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बारावं पत्र लिहिलं. त्यात पहिल्या अकरा पत्रांची माफी होती, ‘बेजबाबदार’ची वेगळी होती, आणि कारण असं दिलं होतं: सून निष्काळजी, सासरे फार काळजीवाले.

माझ्या टेबलापासून उठून बाहेर आले तेव्हा बाबा मशीनच्या खोलीच्या दाराशी खुर्चीतच होते. पोचलं का, हे त्यांनी विचारलं नाही. आतलं रडणं त्यांना ऐकू आलं होतं आणि त्याचा अर्थ कोणता घ्यायचा हे कळत नव्हतं. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, लाल.

“पोचलं, बाबा,” मी म्हणाले. “चार मिनिटं राखून.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “त्या पोराचं माझ्यामुळे राहिलं असतं.”

“हो,” मी म्हणाले. “तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे.”

“मग उद्यापासून डबा शिपायाबरोबर पाठवतो. मी येत नाही.”

“का? शिपाई मला आत येऊन टोकं बघू लागणार आहे का?” मी सूक्ष्मदर्शक त्यांच्या हातात दिला. “रोज एक वीसला. दोघांनी मिळून. आधी बघायचं, गरज असेल तरच पुसायचं, पुसून पुन्हा बघायचं. आणि जेवण त्यानंतर. यंत्रालाही सांगितलंय, एक सेकंद जरी काही झालं तरी केकाट.”

बाबांनी सूक्ष्मदर्शक उलटसुलट करून पाहिला. मग खिशातली पेपरमिंटची डबी काढून कडीकुलूपच्या टेबलावर ठेवली आणि पावती मागितली. कडीकुलूपने ती खरोखर लिहून दिली.

“आता उघडा,” मी म्हणाले.

बाबांनी मास्क खाली ओढला आणि साहेबांसकट सगळ्यांसमोर भला मोठा आ केला. मी वाकून दोन्ही गाल नीट तपासले आणि त्यांना आत घेतलं.